मशीन एम्ब्रॉयडरी करताना खाली कोणता पेपर लावायचा

डिझाईन छान, धागा चांगला, मशीन नुकतीच सर्व्हिसिंग केलेली आणि तरी फ्रेम सोडली की फुलाभोवती कापडाला चुण्या, असं होत असेल तर धाग्याच्या टेन्शनला हात लावायच्या आधी खालचा स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाखाली लावायचा आधाराचा पेपर, बघा. प्रत्येक टाका कापडाला थोडंथोडं आत ओढतो, सॅटिन स्टिच, म्हणजे जवळजवळ घातलेले भरीव टाके, तर फारच, आणि ती ओढ सहन करायचं काम खालच्या पेपरचं असतं.

कापड आडवं, उभं, तिरकं ओढून बघा. ताणलं जात असेल, म्हणजे टी-शर्ट, होजिअरी वगैरे, तर कट-अवेच, म्हणजे जादाचा भाग कात्रीने कापायचा पेपर, लावा, दुसरा विचारच नको. टी-शर्ट घालताना ताणला जातो, धुताना पिळला जातो, मागे काही राहिलं नाही तर दोन-चार धुण्यांत भरलेलं काम गोळा व्हायला लागतं, म्हणून हा पेपर कायम मागे राहायला हवा. काम झाल्यावर डिझाईनच्या बाहेर साधारण अर्धा सेंटीमीटर सोडून गोल कापा, कोपरे ठेवू नका, टोचतात. लहान बाळाचं झबलं असेल तर मागून मऊ फ्युजिंग इस्त्रीने चिकटवून टाका. आणि सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची, घ्या, 75/11 नंबरची बहुतेक वेळा पुरते.

न ताणणारं कापड, म्हणजे खण, कॉटन ब्लाउजपीस, डेनिम, याला टिअर-अवे, म्हणजे काम झाल्यावर हाताने फाडून काढायचा पेपर, चालतो. फाडताना मात्र घाई करू नका, टाक्यांवर अंगठा दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने हळूहळू फाडायचं, झटका दिला की कडेचे टाके ओढले जातात. डिझाईन दाट असेल तर एक जाड थर लावण्यापेक्षा दोन पातळ थर एकमेकांना आडवे लावा, फाडायलाही एकेक करून सोपे जातात. पैसे वाचवायला वर्तमानपत्र लावणारे आहेत, प्लीज नका करू, शाई हलक्या रंगाला लागते आणि कागदाचा भुगा बॉबिन केसमध्ये जाऊन बसतो.

नेट, ऑर्गेंझा, जिथे मागून काही दिसायलाच नको, तिथे पाण्यात विरघळणारा, तोही कापडासारखा दिसणारा घ्या. प्लॅस्टिकसारखी पातळ फिल्म असते ती टॉवेल आणि वेल्व्हेटच्या वर ठेवायला, नाहीतर टाके लवेत बुडून जातात, पण खाली दुसरा पेपर लागतोच. कापडाचा रंग जातो का ते आधी एका कोपऱ्यावर बघा, मगच पाण्यात घाला. वेल्व्हेट किंवा सिल्क भिजवायचं नसेल तर वरची फिल्म हाताने फाडा आणि उरलेले कण ओल्या इअरबडने टिपून घ्या.

फ्रेम लावताना पेपर ढोलकीसारखा टाइट हवा, कापड नाही! टी-शर्ट ताणून लावला तर फ्रेम सोडल्यावर तो मूळ मापाला येतो आणि डिझाईन जागच्या जागी आक्रसतं. सिल्क आणि वेल्व्हेटवर फ्रेमचे वळ उठतात म्हणून फक्त पेपर फ्रेममध्ये लावायचा, त्यावर कापड तात्पुरतं चिकटवायचा टेम्पररी स्प्रे हलका मारून कापड ठेवायचं आणि चारी बाजूंनी मोठा कच्चा टाका मारून घ्यायचा, मशीनमध्ये ही सोय असली तर उत्तमच. स्प्रे मशीनपासून लांब मारा, सुईवर गोंद साचतो.

पहिल्यांदाच घेत असाल तर रोल घेऊ नका, सुटा मिळतो तिथून प्रत्येक प्रकारचा अर्धा मीटर घ्या आणि ज्या कापडावर काम करायचं त्याच्याच कतरणीवर एकदा डिझाईन काढून बघा, मुंबईत दादरच्या हिंदमाता मार्केटला ब्लाउजपीस घेतानाच थोडं जास्त घेतलेलं बरं.

आणि मुंबईत राहताय तर विरघळणाऱ्या पेपरची काळजी जरा जास्तच घ्या. जूनपासून हवेतला ओलावाच त्याला पुरतो, फिल्म उघडी राहिली तर नरम, चिकट होते, फ्रेममध्ये लावली की ढिली पडते आणि आउटलाइन भरावापासून सरकते. झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, लागेल तेवढाच तुकडा बाहेर काढा. नरम पडलीच तर फेकू नका, एसी चालू असलेल्या खोलीत थोडा वेळ पसरून ठेवली की बऱ्यापैकी कडक होते.