कपाटातला जुना रोलचा कॅमेरा परत चालू करायचा असेल तर

मिरजेला आजोळी माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती, त्यात चामड्याच्या कव्हरात आजोबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ सापडला. आजी म्हणाली, "बंद पडलाय रे तो, भंगारवाल्याला द्यायचा राहूनच गेलाय." सेलचं झाकण नाण्यानं फिरवून उघडलं तर आत सेल गळून सगळा हिरवा गंज आलेला. कानकाडीला व्हिनेगर लावून ते हळूहळू पुसलं, मग स्पिरिटनं पुसलं, नवीन सेल घातला आणि बटण अर्धं दाबल्यावर वरचा दिवा लागला. आईच्या लहानपणचे सगळे फोटो ह्याच कॅमेऱ्यातले आहेत. तेव्हापासून सांगली-मिरजेत कुणाच्या घरी जुना कॅमेरा आहे कळलं की मी जातोच, आणि लोक विचारतात म्हणून हे एकदाचं नीट लिहून काढतोय.

आधी एक सांगतो, शोकेसमध्ये मांडायला दहा कॅमेरे गोळा करू नका, एकच घ्या पण त्यात रोल घाला. न वापरलेला कॅमेरा वापरलेल्यापेक्षा लवकर खराब होतो, आतलं वंगण चिकट होतं, लेन्सला बुरशी धरते, हे मी डोळ्यानं बघितलंय.

कुठला घ्यायचा? पहिल्यांदा स्वतःच्या घरात आणि पाहुण्यांकडं विचारा. आपल्याकडं बऱ्याच घरात आग्फा क्लिक थ्री निघतो, त्याला १२० चा मोठा रोल लागतो आणि १२ चौकोनी फोटो येतात, तो रोल आजही नवीन मिळतो. फक्त मागच्या लाल काचेवर काळी टेप लावा आणि नंबर बघण्यापुरतीच सावलीत उचला, कारण आताचे रोल जास्त संवेदनशील असतात आणि त्या काचेतून उजेड आत जातो. विकतच घ्यायचा असेल तर पेंटॅक्स के१००० सारखा पूर्ण मेकॅनिकल घ्या, १९७६ ते १९९७ असा वीस वर्षांच्या वर तो बनत होता, आणि सेल संपला तरी फक्त उजेड मोजायचं मीटर बंद पडतं, शटर (उजेड आत सोडणारा पडदा) चालतं.

घेताना मागचं झाकण उघडून शटर १ सेकंदावर लावा आणि कानाशी धरून ऐका. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना कसा कानानं काम करतो, तसंच आहे हे. बारीक घरघर एकसारखी ऐकू आली तर ठीक, मध्येच अडखळली किंवा दोन-तीन सेकंद लागले तर आतल्या चाकांचं वंगण घट्ट झालंय. मग लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून मोबाईलचा टॉर्च आरपार धरा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की ती बुरशी. शटरचा पडदा कापडी असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून पडद्याला बारीक भोकं आहेत का बघा. आणि वास घ्या, कुबट वास आला तर तो कॅमेरा ओलीत राहिलाय.

घरी आणल्यावर पहिलं काम फोमचं. झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो, चाळीस वर्षांनी त्याचा डांबरासारखा चिकटा होतो आणि तिथून उजेड आत येऊन फोटोवर केशरी पट्टे उठतात. दात कोरायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो सगळा खरवडून काढा, घाई करू नका, एक संध्याकाळ जाऊदे. कचरा शटरच्या पडद्यावर पडू द्यायचा नाही, म्हणून कॅमेरा उलटा धरून काम करा. मग खाचेत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमलीची पट्टी चिकटवा, दोन्ही गोष्टी कापड पेठेत चिल्लर पैशात मिळतात. एसएलआर, म्हणजे आतल्या आरशामुळं लेन्समधूनच बघता येणारा कॅमेरा असेल तर आरशाच्या वर पण फोमची पट्टी असते, ती बदलताना आरशाला बोट लावू नका, त्याचा चकचकीत थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, पुसला की ओरखडे पडले म्हणून समजा. वरच्या फोकसच्या काचेला अल्कोहोल अजिबात नको, ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते.

शटर अडकत असेल तर आधी सगळ्या स्पीडवर पन्नास-साठ वेळा नुसतं मारून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच मोकळं होतं. पण तेल घालू नका. मी सुरुवातीला एका छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्समधल्या पात्यांवर शिवणमशीनचं तेल एकच थेंब सोडलं होतं, पाती पातळ पत्र्याची असतात आणि कोरडीच चालायला पाहिजेत, ती एकमेकांना अशी चिकटली की परत उघडलीच नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो कॅमेरा दुसऱ्याचा होता. पाती चिकट असतील तर लायटरमध्ये घालायचं पेट्रोल कानकाडीवर अगदी थोडं घेऊन पुसायचं, सुकू द्यायचं, परत पुसायचं, चार-पाच वेळा. गाडीतलं पेट्रोल नाही, त्याचा डाग राहतो. आणि जपानी कॅमेऱ्याचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरनं खोलू नका, डोकी खराब होतात, जेआयएस म्हणजे जपानी मापाचा वेगळा येतो तो आणा. यापुढचं काम, म्हणजे कापडी पडदा किंवा आतली चाकं, स्वतः करू नका. हात स्थिर असलेला जुना घड्याळ दुरुस्तीवाला तयार झाला तर त्याच्याशेजारी बसून करा, नाहीतर कॅमेरा मेकॅनिककडं पाठवा. फ्लॅश तर कधीच उघडायचा नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावर पण तीनशे व्होल्टच्या आसपास करंट साठलेला असू शकतो.

बुरशी लेन्सच्या पुढच्या किंवा मागच्या बाहेरच्या काचेवर असेल तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड लेन्स टिश्यूला लावून हलक्या हातानं गोल पुसा. बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर खूण राहते पण फोटोत सहसा कळत नाही, फक्त सूर्य समोर घेऊ नका. चामड्याचं कव्हर मात्र कॅमेऱ्यापासून वेगळं ठेवा, ते ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरतं, जेल अधूनमधून कढईत मंद आचेवर गरम करून परत कोरडं करायचं. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

सेलचा प्रश्न सगळ्यांना येतो. जुने मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचे, ते आता बंद झालेत. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो, तो थोडी रबरी रिंग लावून बसतो आणि मीटर बरोबर दाखवतो, हिअरिंग एडच्या दुकानात मिळतो. याशिका इलेक्ट्रोला ६ व्होल्टचा ४एलआर४४ नंबरचा सेल चालतो, उरलेल्या जागेत स्प्रिंग घालायची.

पहिला रोल हा कॅमेऱ्याची परीक्षा असतो, लग्नाला वगैरे नेऊ नका. मी हरिपूरला जातो, कृष्णा-वारणेच्या संगमावर सकाळी ऊन, पाणी, देवळाची सावली सगळं एकाच जागी मिळतं. मीटर बंद असेल तरी चालतं, कडक ऊन असताना छिद्र १६ वर आणि स्पीड रोलच्या आयएसओच्या (रोल किती संवेदनशील आहे त्याच्या आकड्याच्या) जवळचा, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. झाडाखाली आलं की छिद्र ५.६ किंवा ४ पर्यंत उघडा. शंका असेल तर छिद्र एक आकडा जास्त उघडून जास्त उजेड द्या, निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डाव्या हाताची गुंडाळायची खुंटी फिरते का बघा, फिरत नसेल तर रोल अडकलेलाच नाही आणि ३६ फोटो वाया जाणार. प्रत्येक फोटोचा स्पीड आणि छिद्र वहीत लिहा, मग दोष कॅमेऱ्याचा का आपला ते कळतं.

२०१९ च्या पुरात इथं कितीतरी घरांतले अल्बम आणि निगेटिव्ह पाण्यात गेले, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. निगेटिव्ह भिजल्या तर चिकटलेल्या सुकू देऊ नका, सुकल्या की सुटत नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, पाण्यातच हळू सुट्या करा, चिखल धुवून काढा आणि एक-दोन दिवसांच्या आत चिमट्याला टांगून वाळवा. कॅमेरा बुडाला असेल तर लिव्हर ओढू नका, गाळ आत फिरतो. तो बहुतेक सुट्या भागांपुरताच उरतो, पण लेन्स वाचू शकते.

रंगीत रोल मी कुरिअरनं मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतो, ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुतो. इलफर्ड एचपी५ रोलला आयडी-११ हे डेव्हलपर (फोटो उमटवायचं रसायन) एकास एक पाण्यात, २० अंशाला १३ मिनिटं लागतात, पण आपल्याकडं मे महिन्यात नळाचं पाणी कुठलं २० वर, म्हणून माठातलं पाणी आणि बर्फ घालून २४ वर आणायचं आणि ९ मिनिटं करायचं. लाल दिवा चालत नाही, रोल धुवायच्या बंद झाकणाच्या टाकीत रोल भरेपर्यंत पूर्ण काळोख लागतो. मग हायपो (फोटो पक्का करायचं रसायन), मग टाकी पाण्यानं भरून ५ वेळा उलटी, पाणी बदलून १०, परत बदलून २०, एवढ्यात धुऊन होतं, पाणी वाया जात नाही. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं धुणं आरओच्या पाण्यानं, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. बाथरूममध्ये आधी गरम पाण्याची वाफ करून धूळ बसू द्या, पंखा लावू नका, आणि रोलच्या खालच्या टोकाला कपड्याचा चिमटा अडकवून दोन-तीन तास तसाच लटकू द्या.