सोनारकाम शिकताना या चुका टाळा

सोनारकाम शिकायला येणाऱ्याला घाई असते ती नक्षीची. पण सुरुवातीचा बराच काळ जातो करवत, कानस आणि डाग देणं (डाग म्हणजे दोन भाग जोडायला सांध्यात वितळवायचा धातू) यात, आणि सर्वात जास्त काम बिघडतं ते डाग देताना.

नवशिका ज्योत थेट डागाच्या तुकड्यावर धरतो. डाग वितळून त्याची गोळी होते आणि ती सांध्याबाहेरच बसते. डाग धावतो उष्णतेकडे, म्हणून तापवायचा दागिना. जाड बाजूपासून सुरुवात करा, ज्योत फिरती ठेवा. दोन्ही बाजू एका रंगावर आल्या की डाग आपोआप आत ओढला जातो आणि सांध्यावरून एक चकचकीत रेघ सरकते. ती दिसताच ज्योत बाजूला करा. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, २२ कॅरेटचं त्याच्या आधीच; क्षणभर उशीर केला तरी कडा ढळते.

तरीही डाग धरत नसेल तर सांधा उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसला तर पुन्हा कानस घ्या, कारण डागाने फट बुजत नाही. सांधा बसलेला असेल तर तेल, मळ किंवा कमी पडलेली सवागी (टाकणखार) हे कारण असतं. कॅडमियमचा डाग मात्र हातातही घेऊ नका, त्याचा धूर फुफ्फुसं जाळतो.

डाग दिल्यावर साफ करायला आम्लात टाकलेली चांदी लालसर होऊन निघाली? लोखंडी चिमटा आम्लात गेला असणार. आम्लातलं तांबं चांदीवर चढतं. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा.

पत्रा ठोकताना कडेला चिरा पडू लागल्या तर जोर वाढवू नका. धातू ताठला आहे, मंद लाल होईस्तोवर तापवून मऊ करा.

दुरुस्तीच्या दागिन्यातले मोती, ओपल, पिरोजा आगीपासून लांब ठेवा. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, म्हणून तो दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू नका.

आणि या धंद्यात हातापेक्षा शब्दाची पत आधी जाते. दागिना घेताना गिऱ्हाइकासमोर वजन करा, खडे मोजा, आधीच हललेला खडा दाखवून पावतीवर लिहा. हे राहिलं तर पुढे खडा पडल्यावर तो तुमच्याकडेच पडला, असंच ठरतं.