बँकॉकले पहिल्यांदा जाचं असन तर घरूनच काय काय करून निघाचं

आपली फिरायची पद्धत म्हंजे विचारत विचारत जाचं. नागपूरले उतरलं का पानठेल्यावर विचाराचं, तो हात दाखवन तिकडं निघाचं. बँकॉकमधे हे चालत नाही. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातून आई अन् बायकोले घेऊन गेलतो, तं पहिल्याच रात्री टॅक्सीवाल्याले हॉटेलचा पत्ता इंग्रजीत दाखवला, तो मोबाईल डोळ्याजवळ नेऊन पाहे, लांब धरून पाहे, अन् नुसता हसे, वाचताच येईना त्याले. शेवटी हॉटेलवाल्याले फोन लावून त्याच्या कानाले दिला तेव्हा गाडी हालली. म्हणून हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत हॉटेलकडून आधीच मागवा, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढा अन् घरच्या प्रत्येकाच्या खिशात एकेक ठेवा.

पहिलं तारखेचं पाहा. मे ते ऑक्टोबर तिथं पाऊस, एप्रिलमधे आपल्यासारखीच काहिली, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं राहते, पण नेमकी तेव्हाच इकडं कापसाची वेचणी. आमी सोयाबीन विकून, हरभरा पेरून, पहिला वेचा आटपून डिसेंबरात निघालो, बाया सांगणं अन् कापूस मोजणं भावाच्या गळ्यात टाकलं, तो अजून ऐकवते.

पासपोर्टचा अर्ज निघायच्या तारखेच्या चार-पाच महिने आधी टाका, साधी फी 1500 रुपये, अन् आधार, टीसी, सगळीकडं नाव जुळते का ते फॉर्म भरायच्या आधी पाहा. आमच्या आईचं आधारवर सासरचं नाव, टीसीवर माहेरचं, त्यातच दीड महिना गेला. जुना पासपोर्ट असन तर प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी चालला पाहिजे. ज्याची दहावी झाली नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआर येऊ शकते, म्हंजे काही देशांत कामाले जाचं तर सरकारची परवानगी लागते असा शिक्का, अन् थायलंड त्या देशांच्या यादीत आहे, फिरायले जाणाऱ्याले त्यानं अडत नाही पण परतीचं तिकीट अन् हॉटेलचं बुकिंग कागदावर हातात ठेवा, मोबाईल दाखवू दाखवू घाम फुटते. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी थाई एम्बसीच्या साइटवर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. मे 2025 पासून टीडीएसी नावाचा ऑनलाइन फॉर्म भरा लागते, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, अन् तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली का बंद करा.

तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा बरं, बँकॉकले दोन आहेत, सुवर्णभूमी अन् डॉन म्युआंग, एकमेकांपासून लय दूर. सुवर्णभूमीवरून फाया थाईपर्यंत रेल्वे लिंक आहे, अर्ध्या तासाच्या आसपास लागते, अन् तिथून बीटीएस म्हंजे वरून जाणारी गाडी भेटते. हॉटेल घेताना फोटो नंतर पाहा, आधी बीटीएस नाही तर एमआरटी म्हंजे मेट्रोचं स्टेशन पायी किती दूर ते पाहा, दोनशे रुपये वाचवाच्या नादात आमाले रोज सकाळ-संध्याकाळ दीड किलोमीटर आईचे गुडघे सांभाळत पायी जावा लागलं. घड्याळ दीड तास पुढं करा. गूगल ट्रान्सलेटमधली थाई भाषा अन् शहराचा नकाशा घरीच डाउनलोड करून घ्या. टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, तोही त्याच प्रिंटवर लिहा.

थोडे बाट, म्हंजे तिथला पैसा, नागपूरलेच बदलून न्या, तिथल्या एटीएमवर आपल्या कार्डाले दर वेळी दोनशे बाटच्या वर फी बसते, म्हणून दहादा थोडे थोडे काढू नका.

शाकाहारी असान तर नीट ऐका. नुसतं व्हेज म्हटलं तरी भाजीत माशाचा रस, नाम प्ला, पडतेच. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर असते, त्याचा उच्चार जे, त्या अक्षराचा फोटो मोबाईलमधे ठेवा अन् तीच पाटी शोधा, तिथं मांस-मासा नसते, कांदा-लसूणही नाही. बायकोचं पोट मात्र फाहुरातमधे भरलं, तो भाग आपल्या लोकांचा, गुरुद्वारा तिथंच आहे. जवसाची चटणी पिशवीत असू द्या. खर्रा घरीच ठेवा, ते थुंकणं तिथं शोभत नाही, अन् ई-सिगारेट तर बंदीच आहे.

कपड्यांत खांदे अन् गुडघे झाकतीन असे दोन जोड पाहिजेत, ग्रँड पॅलेस म्हंजे राजवाड्यात नाही तर सोडत नाहीत, तिकीट 500 बाट. गेटबाहेर कोणी गोड बोलून म्हणते, आज बंद आहे, चला टुकटुकनं दुसरीकडं नेतो. ते बंद-बिंद काही नसते, तुमाले रत्नांच्या दुकानात नेऊन बसवतात, सरळ गेटवर जा. सकाळी आठले अन् संध्याकाळी सहाले स्टेशनवर राष्ट्रगीत लागते, सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुमीही राहा.

वाट फो नावाच्या बुद्धमंदिरासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा. 46 मीटर लांब निजलेले बुद्ध आहेत, अन् मागच्या भिंतीजवळ 108 वाट्या, त्यात एकेक नाणं टाकत जाचं. वाटीभर चिल्लर तिथंच विकत भेटते. आईनं मंद चालीनं सगळ्या वाट्या पुऱ्या केल्या, टण टण टण, शेवटच्या चार वाट्यांले नाणीच उरली नाहीत तं माझ्या खिशातले दहा-दहाचे घेतले.

अन् परतीचं विमान रात्री नागपूरले उतरत असन तर गावाकडची शेवटची एसटी गेलेली राहते. गाडीवाल्याले आत्ताच सांगून ठेवा, अर्धे पैसे आधी देऊ नका.