टॅरोचं पान वाचायचं कसं: आधी चित्र, मग अर्थ

टॅरो म्हणजे चित्रांची पानं काढून मनातल्या प्रश्नावर विचार करायची रीत. त्याच्या कॅटमध्ये ७८ पानं असतात. सरळ आणि उलटं असं दोन्ही धरलं तर १५६ अर्थ झाले. शिकायला बसणारे बहुतेक जण हे अर्थ पाढ्यांसारखे पाठ करायला घेतात आणि विसाव्या-पंचविसाव्या पानाशी थकून कॅट कपाटात ठेवून देतात. एवढ्या पाठांतराची गरज नाही. चार गट, दहा आकडे, बावीस मोठी पानं आणि चित्राकडे दोन मिनिटं गप्प बसून बघायची सवय, एवढ्यावर चांगलं वाचन करता येतं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच शिकवलं जात नाही.

कॅट कोणता घ्यावा

पहिला कॅट रायडर-वेट-स्मिथचाच घ्या. १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने तो काढला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या बहुतेक कॅटांमध्ये छोट्या पानांवर (बावीस मोठी सोडून उरलेल्या, चार गटांतल्या पानांवर) नुसते पेले, तलवारी, नाणी मोजून काढलेली असत, आपल्याकडच्या बदाम सत्तीसारखी. स्मिथबाईंनी त्या प्रत्येक पानावर एक प्रसंग काढला. म्हणून हा कॅट नुसता बघूनही वाचता येतो. मार्सेय या जुन्या फ्रेंच परंपरेचे कॅट देखणे असतात, पण त्यांच्या छोट्या पानांवर प्रसंग नाही, त्यामुळे तिथे आकड्यांचा अभ्यास आधी लागतो. थॉथ नावाच्या आणखी एका कॅटमध्ये तर काही मोठ्या पानांची नावंच वेगळी आहेत. तेव्हा एका कॅटचं पुस्तक दुसऱ्याला लावू नका. मोठ्या पानांपैकी वेट यांनी 'स्ट्रेंग्थ'ला ८ आणि 'जस्टिस'ला ११ आकडा दिला. मार्सेयमध्ये हे आकडे बरोबर उलटे आहेत. आकड्यावरून अर्थ शोधणारा नवशिका इथे हमखास फसतो.

पहिला कॅट कुणीतरी भेटच द्यावा लागतो, हा समज सोडून द्या. स्वतः विकत घेतलेला कॅट तितकाच चालतो. रेशमी कापडात गुंडाळायचा तर गुंडाळा, पण खरी काळजी दमटपणाची घ्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पानं फुगतात, एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलची एक पुडी, एवढं पुरतं.

टॅरो इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून आला, असं सर्रास सांगितलं जातं. ते १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने मांडलं आणि त्याला आधार नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, तोही खेळ म्हणून. ज्या मोठ्या पानांना आज मेजर अर्काना म्हणतात, ती त्या खेळातली हुकमाची पानं. देवादिकांची चित्रं असलेली पानं खेळायला वापरणं आपल्याला नवं नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पानांची, प्रत्येक अवताराची १२. खेळातून आला म्हणून टॅरोचं मोल कमी होत नाही. चित्रांत माणसाचं आयुष्य भरलेलं आहे, आणि वाचायचं तेच आहे.

प्रश्न आधी दुरुस्त करा

वाचन फसतं ते बहुतेक वेळा पानांमुळे नाही, प्रश्नामुळे. 'हो का नाही' आणि 'कधी' या प्रश्नांना पानं उत्तर देऊ शकत नाहीत, कारण चित्रात तारीख नसते. चित्रात माणूस असतो, तो काहीतरी करत असतो किंवा करायचं टाळत असतो. प्रश्नही तसाच हवा.

'लग्न कधी होईल?' याऐवजी 'लग्नाचा विषय निघाला की माझं नेमकं काय अडतं?' असं विचारा. 'तो परत येईल का?' याऐवजी 'त्याच्या परत येण्यावर मी काय काय टांगून ठेवलंय?' दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे कधीच विचारू नका. समोर बसलेल्याला ते कळत नाही, आणि वाचणाऱ्यालाही नाही. प्रश्न वहीत एका वाक्यात लिहा. एका वाक्यात मावत नसेल तर ते दोन प्रश्न आहेत, एक निवडा.

पिसणं आणि मांडणं

टॅरोची पानं साधारण ७० बाय १२० मिलिमीटरची, म्हणजे नेहमीच्या पत्त्यांपेक्षा बरीच मोठी. हातात धरून थोडी थोडी वरून खाली सोडली तर ती नीट मिसळत नाहीत, गठ्ठे तसेच राहतात. नवा कॅट क्रमाने लावलेला असतो. तो अर्धवट पिसला की कप्सचा (पेल्यांच्या गटाचा) एक्का, दुर्री, तिर्री पाठोपाठ येतात आणि माणूस तो संकेत समजतो. तो संकेत नसतो, पिसण्यातला आळस असतो. टेबलावर कापड अंथरा, सगळी पानं पालथी पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल ढवळा, मग गोळा करून एकदा कापा.

त्याआधी नव्या कॅटची पानं मोजून घ्या: २२ मोठी आणि चार गटांची प्रत्येकी १४. काही कॅटांत जाहिरातीचं किंवा कोरं पान जादा असतं, ते काढून ठेवा.

सुरुवातीला तीनच पानं मांडा. पहिलं आत्ताची स्थिती, दुसरं अडवणारी गोष्ट, तिसरं माझ्या हातातलं पाऊल. केल्टिक क्रॉस ही दहा पानांची मांडणी दिसायला भारदस्त असते, पण नवशिक्याला त्यात दहा वेगळी वाक्यं मिळतात आणि एकही गोष्ट जुळत नाही. तीन पानांचं वाचन सहज जमायला लागलं की मग तिकडे वळा.

पुस्तक मिटून दोन मिनिटं

पान उलगडल्यावर पुस्तक उघडू नका. वहीत चार गोष्टी लिहा. चित्रातला माणूस काय करतोय? तो कुठे बघतोय? त्याच्या पाठीमागे काय आहे? आणि तुमची नजर सगळ्यात आधी कुठे गेली? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं जपा. मानसिक अर्थ सुरू होतो तो तिथूनच. पान सगळ्यांना एकच दिसतं, पण त्यात आधी काय दिसलं हे ज्याचं त्याचं असतं. शाईच्या डागांत माणूस स्वतःच्या मनातलं बघतो, तसंच हे.

समजा प्रश्न आहे, 'या नोकरीत मी का अडकलोय?' आणि पानं आली फोर ऑफ पेंटॅकल्स (नाण्यांची चौकी), एट ऑफ सोर्ड्स (तलवारींची अठ्ठी), पेज ऑफ वाँड्स (काठ्यांच्या गटातला शिकाऊ).

फोर ऑफ पेंटॅकल्समध्ये एक माणूस बसलाय. एक नाणं मुकुटावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली दाबलेली. मागे अख्खं शहर आहे आणि त्याची पाठ शहराकडे. पुस्तक सांगेल 'कंजूषपणा' किंवा 'आर्थिक सुरक्षितता'. चित्र त्याहून नेमकं सांगतं: हा माणूस उठला तर पायाखालची नाणी सुटतात. जपलेलं हातचं जाईल म्हणून तो हलू शकत नाही.

एट ऑफ सोर्ड्समध्ये बाईच्या डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बांधलेलं कापड, आजूबाजूला रोवलेल्या आठ तलवारी. नवशिका 'कैद' म्हणून पुढे जातो. थांबा. तिचे पाय मोकळे आहेत. समोर एकही तलवार नाही. किल्ला तिच्या पाठीमागे दूर कड्यावर आहे आणि पहारेकरी कुठेच नाही. अडचण खरी आहे, पट्टीही खरी आहे, पण वाट बंद नाही. ती तिला दिसत नाहीये. इथे विचारायचा प्रश्न असा: 'नोकरी सोडता येत नाही याची तुमची कारणं कोणती, आणि त्यातली किती तुम्ही स्वतः तपासून बघितलीत?'

पेज ऑफ वाँड्समध्ये वाळवंटात उभा असलेला पोरसवदा तरुण हातातल्या काठीच्या टोकाकडे कुतूहलाने बघतोय, काठीला पालवी फुटलीय. तो अजून निघालेला नाही. म्हणून हे पान 'राजीनामा द्या' असं म्हणत नाही. शिकाऊ होऊन काहीतरी छोटं करून बघा, इतकंच म्हणतं. तीन पानं एका वाक्यात जोडता आली, की वाचन झालं.

गट आणि आकडे

वाँड्स म्हणजे अग्नी: इच्छा, काम, जोम. कप्स म्हणजे जल: भावना, नाती. सोर्ड्स म्हणजे वायू: विचार, शब्द, वाद. पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वी: पैसा, शरीर, घर. एक्का सुरुवात, दुर्री निवड, तिर्री वाढ, चौकी स्थैर्य, पंजी मोडतोड, छक्की सावरणं, सत्ती कसोटी, अठ्ठी मेहनत किंवा गती, नव्वी टोकाला पोचणं, दश्शी भरून वाहणं किंवा ओझं होणं.

हे जुळतं का ते पंज्यांवर तपासा. फाइव्ह ऑफ वाँड्समध्ये पाच पोरं काठ्यांनी भिडलीत. सोर्ड्समध्ये एकजण जिंकलाय आणि बाकीचे पाठ फिरवून चाललेत. पेंटॅकल्समध्ये दोन गरीब जण बर्फातून, उजळलेल्या चर्चच्या खिडकीखालून चाललेत आणि वर बघतही नाहीत. कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे बघत उभा, आणि मागे दोन पेले शाबूत. चारही ठिकाणी चौकीचं स्थैर्य मोडलंय, फक्त कुठे मोडलं ते गट सांगतो. चारही पंजी टेबलावर शेजारी ठेवून अर्धा तास घालवा, मग दुसऱ्या दिवशी चारही छक्की. पाठांतरापेक्षा हे पक्कं बसतं.

राजा, राणी, नाइट (घोडेस्वार), पेज ही प्रत्येक गटातली चार, म्हणजे एकूण १६ पानं सगळ्यांना अडतात. कुठल्यातरी ओळखीच्या माणसाशी ती जोडायची घाई करू नका. पेज शिकतो, नाइट धावतो, राणी आतून मुरलेली असते, राजा बाहेर कारभार करतो. आधी हा तुमचाच एक पवित्रा आहे असं धरून बघा.

बावीस मोठी पानं आणि आध्यात्मिक अर्थ

'फूल' (इंग्रजी fool, म्हणजे मूर्ख) बाजूला ठेवा, त्याचा आकडा शून्य. उरलेली २१ पानं सात-सातच्या तीन ओळींत लावा. पहिली ओळ बाहेरच्या जगाची: आई, बाप, गुरू, जोडीदार, यश. दुसरी ओळ आत वळण्याची, तिथे कंदील घेतलेला 'हर्मिट' आहे आणि एका पायावर उलटा टांगलेला 'हँग्ड मॅन'. याचा चेहरा बघा: वेदना नाही, डोक्याभोवती प्रभा आहे. हे पान 'संकट' म्हणून वाचणारे चेहरा बघायचा विसरतात. तिसरी ओळ 'डेव्हिल'पासून सुरू होते आणि 'वर्ल्ड'वर संपते.

'लव्हर्स' (६) आणि 'डेव्हिल' (१५, बेरीज पुन्हा ६) शेजारी ठेवा. तेच स्त्री-पुरुष, तीच मांडणी, फक्त वरच्या देवदूताच्या जागी सैतान आणि गळ्यात साखळी. साखळीचा फास मात्र इतका सैल आहे की डोक्यावरून काढता येईल. आपल्याकडे ज्याला आसक्ती म्हणतात त्याचं याहून स्वच्छ चित्र क्वचितच सापडेल. तसंच 'व्हील ऑफ फॉर्च्यून' आणि 'वर्ल्ड'. दोन्हींच्या चार कोपऱ्यांत तेच चौघे: माणूस, गरुड, बैल, सिंह. दहाव्या पानावर ते पुस्तक वाचतायत, एकविसाव्यावर पुस्तकं नाहीत. याचा अर्थ ज्याचा त्याने बसून शोधावा. रोज सकाळी एकच पान, दहा मिनिटं, फोन दूर ठेवून.

'डेथ' आलं की लोक घाबरतात. तीन पानं काढली तर हे पान सरासरी २६ वाचनांत एकदा येणारच, दहा पानं काढली तर साधारण आठांत एकदा. चित्रात पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे. राजा आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने तोंड फिरवलंय, आणि लहान मूल सरळ त्याच्याकडे बघतंय. क्षितिजावर दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. संपणाऱ्या गोष्टीला चार जण चार तऱ्हांनी सामोरे जातायत. समोरच्याला विचारा, 'यातले तुम्ही कोण?' मृत्यूचं भाकीत या पानावरून कधीही करू नये.

उलटी पानं

पहिले तीन महिने सगळी पानं सरळच वाचा. नंतर ढवळताना थोडी फिरू द्या. उलटं पान म्हणजे वाईट पान नाही. तीच गोष्ट अडलेली, किंवा आत चाललेली, किंवा कमी-जास्त झालेली. उलटं एट ऑफ सोर्ड्स बऱ्याचदा दिलाशाचं असतं, पट्टी सैल झाल्याचं.

कुठे बिघडतं

मनासारखं पान आलं नाही म्हणून 'स्पष्टीकरणाला' चौथं, पाचवं, सहावं पान काढलं, की वाचन संपलं. आता मन हवं ते उत्तर मिळेपर्यंत पानं ओढतंय. फार तर एक जादा पान. तोच प्रश्न त्याच आठवड्यात पुन्हा नाही.

दुसऱ्यासाठी वाचताना मोघम बोलायचा मोह होतो. 'तुम्ही बाहेरून खंबीर, पण आतून हळवे आहात', हे कुणालाही पटतं. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना त्यांचं म्हणून एकच व्यक्तिचित्र वाटलं. त्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणून बोललेलं प्रत्येक वाक्य चित्रातल्या एखाद्या वस्तूवर बोट ठेवून बोला. बोट ठेवता येत नसेल तर ते वाक्य गिळा.

आजार, गर्भारपण, कोर्टाचा निकाल, शेअर यांवर पानं काढू नका. समोरची व्यक्ती झोपत-जेवत नसेल किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर पानं बाजूला ठेवा, तिच्याजवळ बसा आणि डॉक्टरांपर्यंत पोचवा.

उठण्याआधी वहीत तारीख, प्रश्न, पानं आणि ते एक जोडवाक्य लिहा. महिन्याने ते पान उघडा, तीच तीन पानं पुन्हा समोर मांडा आणि त्या दिवशी चित्रातलं काय बघायचं राहून गेलं होतं, ते वेगळ्या शाईने खाली लिहा.