वाडीतल्या सभागृहात गाण्याची बैठक कशी भरवावी

गिरगावात गाणे ऐकण्यासाठी फार लांब जावे लागत नसे, असे आमच्या वाडीतली जुनी माणसे सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्यानंतर वाड्यावाड्यांतल्या मांडवांतून गाणे, कीर्तन, व्याख्यान आणि मेळे होऊ लागले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ मध्ये मुंबईत आले. ऑपेरा हाऊसजवळचे लक्ष्मीबाग सभागृह आणि केळेवाडीतले मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह यांनी तर कितीतरी पिढ्यांचे कान तयार केले. आज चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, पण बहुतेक ठिकाणी एक सामायिक सभागृह किंवा निदान मोठी गच्ची असतेच. तेवढ्या जागेत, कोणताही प्रायोजक न शोधता, शास्त्रीय संगीताची बैठक नीट कशी भरवता येते, हे पुढे लिहीत आहे. आमच्या वाडीत आम्ही काही वर्षे अशा बैठका घेतो, त्या अनुभवावरूनच हे सारे सांगतो.

पहिला निर्णय संख्येचा आहे आणि तो मोह आवरून घ्यावा लागतो. बैठकीला पन्नास ते साठ माणसे पुरेत. शेवटच्या रांगेत बसलेल्याला गायकाचा चेहरा, त्याचा हात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तबलजीकडे त्याने टाकलेली नजर दिसली पाहिजे. गायकालाही समोरच्या माणसाची मान हललेली दिसली पाहिजे. गाण्यात बैठकीची म्हणून जी रंगत येते ती या जवळिकीतून येते. मोठ्या सभागृहात कितीही उत्तम यंत्रणा लावली तरी ती उसनी आणता येत नाही.

वेळ रविवारी सकाळी दहाची ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. याला एक कारण कायद्याचे आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शिक्षणसंस्था व न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतताक्षेत्र म्हणून घोषित करता येते. गिरगावात शाळा आणि रुग्णालये इतकी दाटीने आहेत की चौकात कार्यक्रम करायचा विचार असेल, तर पोलीस ठाण्याच्या लेखी परवानगीचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे आणि पूर्वी तिथे रात्र-रात्र गाणे चाले. या नियमांनंतर त्यालाही वेळ आवरता घ्यावा लागला. पण मला सकाळ प्रिय आहे ती दुसऱ्या कारणासाठी. शहरातले बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी होतात, त्यामुळे संध्याकाळी-रात्री गायचे यमन, पूरिया, बागेश्री पुन्हा पुन्हा कानांवर पडतात आणि सकाळचे तोडी, देसी, अल्हैया बिलावल, जौनपुरी हे राग वर्षानुवर्षे समोर बसून ऐकायला मिळत नाहीत. दहाला सुरू केलेली बैठक तोडीने उघडते आणि बारा वाजेपर्यंत दुपारच्या सारंगापर्यंत येऊन पोहोचते. गायकही अशा वेळेसाठी आनंदाने होकार देतात, कारण हे राग लोकांसमोर मांडण्याची संधी त्यांनाही फारशी मिळत नाही.

तारीख ठरवताना वाडीचा स्वतःचा पंचांग पाहावा. गणेशोत्सवात आणि शिमग्याला निम्मी वाडी कोकणात असते, मे महिन्यात मुले गावाला जातात आणि पाडव्याच्या दिवशी सगळे शोभायात्रेत असतात. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडते आणि तबलजीला दर थोड्या वेळाने हातोडी उचलावी लागते. दिवाळीनंतरपासून होळीच्या आधीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जवळच कुणाकडे आजारपण आहे का, कुणाची परीक्षा आहे का, याचीही आठ दिवस आधी दारी जाऊन चौकशी करावी. ज्यांना गाण्याची आवड नाही अशा शेजाऱ्यांनाही आपल्याला विचारले गेले याचे बरे वाटते.

गायक ठरवताना मोठ्या नावाच्या मागे लागू नये. मुंबईत उत्तम तयारीचे, तिशी-चाळिशीतले कितीतरी कलाकार आहेत, ज्यांना स्वतःचा पूर्ण दीड-दोन तासांचा कार्यक्रम क्वचितच मिळतो. बोलावण्याआधी त्यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेले असावे. ध्वनिचित्रफितीवरून तयारी कळते, पण समोरच्या माणसांना घेऊन गाण्याचा स्वभाव कळत नाही. फोनवर पहिल्याच बोलण्यात मानधनाचा आकडा स्पष्ट सांगावा. तबला आणि पेटीच्या साथीचे मानधन वेगळे असते, तेही आधीच ठरवावे. “आमची छोटीशी घरगुती बैठक आहे” असे म्हणून फुकट गायला बोलावणे मला अजिबात मान्य नाही. बैठक लहान असली तरी गायकाच्या मागची वीस वर्षांची मेहनत लहान होत नाही. रक्कम बैठकीपूर्वी पाकिटात घालून ठेवावी आणि कार्यक्रम संपताच नारळासह हातात द्यावी. पैसे वर्गणीतून उभे करावेत आणि जमाखर्चाचा कागद वाडीच्या फळ्यावर लावावा. हिशेब उघडा असला की पुढच्या वेळी वर्गणी मागायला फिरावे लागत नाही.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट न विसरता विचारावी आणि ती म्हणजे गायकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला तो ‘सा’ मानून गातो. पुरुष गायक साधारणतः काळी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, तर स्त्रिया बहुधा काळी चार, पांढरी सहा किंवा काळी पाचमध्ये. पट्टी तबलजीला आधी कळली नाही तर तो भलत्याच स्वराचा तबला घेऊन येतो, आणि मग वाडीभर दुसरा तबला शोधण्यात पाऊण तास जातो. आमच्याकडे हे एकदा घडले आहे. तेव्हापासून पट्टी, राहण्याच्या ठिकाणापासून येण्याची व्यवस्था आणि पोहोचण्याची वेळ या तीन गोष्टी आम्ही कागदावर लिहून घेतो.

आता जागेविषयी. आयताकृती सभागृहात लोक सवयीने आखूड भिंतीकडे बैठक मांडतात आणि मग मागचे श्रोते फार दूर जातात. बिछायत लांब भिंतीच्या मध्यावर घालावी, म्हणजे श्रोते अर्धवर्तुळात बसतात आणि शेवटची रांगही जवळ येते. गायकासाठी वीतभर उंचीचा चौथरा पुरे. त्यावर सतरंजी आणि पांढरी चादर घालावी, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी आणि मागे तानपुरे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या दोन्ही कडांना मांडाव्यात, म्हणजे खाली बसलेल्यांची दृष्टी अडत नाही. नव्या इमारतींच्या सभागृहांना भिंतभर गुळगुळीत लाद्या असतात आणि त्यावरून आवाज फिरून येतो. अशा वेळी गायकाच्या मागे आणि समोरच्या भिंतीवर दोऱ्या बांधून घरातल्या गोधड्या आणि जाड चादरी टांगाव्यात. हा उपाय साधा आहे, पण तान स्वच्छ ऐकू येऊ लागते.

ध्वनिक्षेपकाची गरज आहे की नाही, याची आमची एक कसोटी आहे. पंखे बंद करून तानपुरा छेडावा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. तानपुरा तिथे ऐकू आला तर कसल्याही यंत्रणेशिवाय गाणे होऊ शकते. पहिल्या वर्षी आम्ही दोन मोठे कर्णे भाड्याने आणले होते. तबला घणासारखा वाजत होता आणि गायिकेला स्वतःचाच तानपुरा ऐकू येत नव्हता. मध्यंतरात तिने हात जोडून ते बंद करायला सांगितले, आणि त्यानंतरचा तासभर सभागृहात जी शांतता होती ती मला अजून आठवते.

तानपुऱ्याला वेळ द्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. दोन तानपुरे असतील तर ते आदल्या संध्याकाळीच जागेवर आणून ठेवावेत, कारण हवा बदलली की तारा उतरतात किंवा चढतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिथला भोपळ्याचा तानपुरा नीट जुळला की साऱ्या खोलीचा नूरच बदलतो. आधी मधल्या, जोडाच्या दोन तारा षड्जात (सा) मिळवतात, मग खर्जाची तार खालच्या षड्जात, मग पहिली तार पंचमात (प) लावतात. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात तीच तार मध्यमात (म) येते. खुंटीने जवळ आल्यावर उरलेले अंतर तारेत ओवलेल्या मणक्याने भरून काढतात. शेवटी येते जवारी, म्हणजे तारेचा झंकार खुलवणे. तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये घातलेला सुती दोरा बोटाने केसभर पुढे-मागे सरकवत राहायचे. बराच वेळ तार नुसतीच बद्द बोलते, आणि मग एका नेमक्या जागी तिचा आवाज उघडतो, त्यातून वरचे स्वर आपोआप झरू लागतात. हे पाहायला वाडीतल्या मुलांना मुद्दाम साडेनऊला बोलवावे. आमच्याकडची दोन मुले आता तानपुऱ्यावर साथीला बसतात.

निमंत्रणासाठी फळ्यावरची सूचना आणि व्हॉट्सअॅपवरचा निरोप दोन्ही हवेत, पण माणसे येतात ती तोंडी बोलावण्याने. वाडीतले भजनी मंडळ असेल तर त्यांना सर्वांत आधी सांगावे. पखवाजावर ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांना विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालातही समेची जागा लवकर सापडते आणि त्यांच्या दादेने बैठक जिवंत होते.

प्रत्यक्ष बैठकीचा क्रम सोपा ठेवावा. दहाला, माणसे थोडी कमी असली तरी, सुरुवात करावी. पहिली पंधरा मिनिटे वाडीतल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला द्यावीत. निवेदन दोन-तीन मिनिटांत संपवावे आणि गौरवाची विशेषणे टाळून गायकाचे गुरू कोण, घराणे कोणते, एवढेच सांगावे. रागाचे नाव आणि बंदिशीचे शब्द गायकालाच सांगण्याची विनंती करावी. नवख्या श्रोत्याला शब्द आधी कळले की तो गाण्यात लवकर शिरतो. ख्याल चालू असताना चहा फिरवू नये. दरवाजाशी एका माणसाने बसावे आणि उशिरा येणाऱ्यांना द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश संपल्यावरच आत सोडावे. मध्यंतर पंधरा मिनिटांचे असावे. त्यात आल्याचा चहा द्यावा आणि गायकाजवळ कोमट पाण्याचा थर्मास ठेवावा. उत्तरार्धात दुसरा राग, एखादे नाट्यपद किंवा अभंग आणि शेवटी भैरवी. साडेबाराच्या पुढे बैठक नेऊ नये, कारण घराघरांत जेवणे खोळंबलेली असतात आणि भैरवीच्या वेळी कुणी घड्याळाकडे पाहू नये.

लोक गेल्यावर कलाकारांना वाडीतल्याच एखाद्या घरी जेवायला न्यावे. तोवर उरलेल्यांनी सतरंज्या झटकून घडी घालाव्यात, तानपुऱ्याच्या तारा थोड्या उतरवाव्यात, त्यांच्यावर गवसण्या चढवाव्यात आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याच दुपारी फळ्यावर लिहून टाकावी.