जुन्या ॲल्युमिनियम बोटीवर डेक टाकताय? आधी लाकूड बघून घ्या

इकडे मिशिगनमध्ये छोट्या तळ्यांवर बास मासे पकडायला १४ फुटी सपाट तळाची जॉन बोट एकदम बेस्ट, सेकंडहँड सहज मिळते आणि घरी आणली की पहिलं मनात येतं ते पुढे उभं राहून गळ टाकायला डेक करायचं. मीही केलं, पण लाकूड चुकलं. कुजणार नाही म्हणून प्रेशर ट्रीटेड प्लायवुड आणलं, त्यात तांब्याचं औषध मुरवलेलं असतं आणि ओल लागली की ते ॲल्युमिनियम खायला लागतं. दोन सीझननी फळी उचलली तर खाली पांढरी भुकटी आणि पत्र्याला बारीक खड्डे, पोटात गोळाच आला.

म्हणून साधं एक्सटिरिअर किंवा मरीन प्लाय घ्या, अर्धा इंच पुरतं, आणि सगळ्या कडा, स्क्रूची भोकंसुद्धा इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावतात ते, वाळून कडक होतं) दोनतीनदा भरून घ्या, पाणी शिरतं ते कडेनेच. खाली सांगाडा ॲल्युमिनियम अँगलचा. स्क्रू स्टेनलेसचे, पण स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमला लागलं तरी ॲल्युमिनियम गंजतं त्यामुळे मध्ये नायलॉन वॉशर हवाच. कार्पेट नका लावू, ओलं राहतं, खरखरीत नॉन-स्लिप पेंट बरा.

डेकच्या आधी गळती शोधा, नंतर हात पोचत नाही. बोट ट्रेलरवर नीट टेकवून आत तीनचार इंच पाणी भरा, बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करा. रिव्हेट (पत्रे जोडणारा धातूचा खिळा) ढिला असेल तर एकाने बाहेरून डोक्याला जड लोखंड दाबून धरायचं, दुसऱ्याने आतून ठोकायचं.

बसायची आडवी बाकं जागेसाठी कापू नका प्लीज!! दोन्ही बाजू ताठ धरून ठेवतात ती बाकंच, आणि आतला फोम बोट पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवतो. मागे कपॅसिटी प्लेट असते त्यावर माणसं, मोटर, सामान मिळून किती पौंड ते लिहिलेलं असतं, डेकचं वजनही त्यातच धरायचं. आणि डेक बुटकाच ठेवा, जितकं उंच उभं राहाल तितकी बोट डुगडुगते.

वायरिंगला ट्रॉलिंग मोटर (बोट हळूहळू चालवायची छोटी बॅटरीवरची मोटर) पुढे असेल तर बॅटरी मागे ठेवा, तोल बसतो. ब्रेकर बॅटरीच्या अगदी जवळ. गाडीत निगेटिव्ह बॉडीला जोडतात तसं इथे पत्र्याला अजिबात जोडायचं नाही, पाण्यात करंट फिरून पत्रा झिजतो, प्रत्येक लाइटला दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत न्या.

पहिल्यांदा काठाजवळच, गुडघाभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून डेकवर उभं राहून बघा आणि मगच आत जा.