सीडी प्लेअरला वेगळा डॅक घ्यायचा? आधी घरीच ऐकून तपासा

सीडीवर आवाज नसतो, आकडे असतात. दर सेकंदाला डाव्या आणि उजव्या बाजूसाठी प्रत्येकी ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटची. या आकड्यांचा ॲम्प्लिफायरला चालेल असा संकेत करतो तो डॅक, आणि तो प्रत्येक सीडी प्लेअरमध्ये असतोच. १९८२ साली सोनीच्या सीडीपी-१०१ या प्लेअरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच डॅक होता, तर फिलिप्सची डॅकची चिप १४ बिटची होती. आज साधी चिपसुद्धा सीडीची सुमारे ९६ डेसिबलची मर्यादा (सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात हळू आवाजातलं अंतर) सहज गाठते. फरक पडलाच तर तो बहुधा चिपनंतरच्या फिल्टरमुळे, आउटपुटच्या सर्किटमुळे किंवा वीजपुरवठ्यामुळे. म्हणून डब्यावरचं चिपचं नाव वाचून पैसे घालवू नका. कुणाकडून तरी डॅक उसना आणा आणि ऐका.

१. प्लेअरच्या मागे कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल आउटपुट, म्हणजे सीडीवरचे आकडे तसेच बाहेर देणारं डिजिटल आउटपुट, आहे का बघा. नसेल तर विषयच संपला.

२. सगळं बंद करून जोडणी करा. प्लेअरची लाल-पांढरी वायर ॲम्प्लिफायरच्या एका इनपुटला, डिजिटल वायर डॅकला आणि डॅकची वायर दुसऱ्या इनपुटला. कोॲक्सिअलची वायर चुकून थेट ॲम्प्लिफायरच्या ॲनालॉग इनपुटला लावू नका. त्यातून गाणं ऐकू येणार नाही.

३. आता खरं काम: दोन्हींची पातळी सारखी करणं. किंचित मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, आणि बहुतेक तुलना इथेच फसतात. टेस्ट सीडीवरचा ४०० हर्ट्झच्या आसपासचा स्वर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा (दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका). दोन्ही इनपुटवर आकडा एक टक्क्याच्या आत जुळला, तर फरक साधारण ०.१ डेसिबलच उरतो. डॅकला व्हॉल्यूम असेल तर त्यानेच जुळवा. नसेल तर ॲम्प्लिफायरच्या नॉबवर दोन खुणा करा आणि इनपुट बदलताना नॉबही फिरवा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

४. इनपुट बदलायचं काम दुसऱ्याला द्या. कुठला चालू आहे हे तुम्हाला कळता कामा नये; त्याने क्रम लिहून ठेवावा, तुम्ही अंदाज. वीसेक वेळा करा. निम्मे अंदाज बरोबर येणं म्हणजे नाणेफेकच.

५. ऐकायला ओळखीचंच गाणं घ्या: तंबोऱ्याचा लांबत जाणारा नाद, झांजेची शेवटची किणकिण, शब्दांतला ‘स’. शांत जागी मागे हिस्स किंवा गुणगुण येते का, तेही बघा. जुन्या प्लेअरमध्ये हा फरक खरोखर सापडतो.

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) वाजवत असाल तर ही चाचणी तिच्या सीडी थरापुरतीच, कारण तिचा मूळ डीएसडी संकेत (सीडीपेक्षा वेगळ्या पद्धतीची डिजिटल नोंद) सहसा कोॲक्सिअलमधून बाहेर दिला जात नाही.

अंदाज सातत्याने बरोबर आले तर डॅक जरूर घ्या. नाही आले तर ते पैसे स्पीकरसाठी ठेवा. किंवा आधी स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढून बघा, त्याला काहीच खर्च नाही.